जादूघरातला जावई

नंदा, ते मटार सोलणं बाजूला ठेव अन् फक्त ऐक. मधे बोलू नको. तू मधे बोलली की मी भलतीकडेच जाते, माहीत आहे नं तुला.

काल माझं लग्न मोडून राहिलं होतं! सच्ची. रविवारी दुपारी, भर चहाच्या वेळी, खुद्द नवरदेवासमोर, श्रीरंगरावांसमोर, अन् मी आत पोह्यांवर खोबरं घालून राहिली होती.

सुरुवात भानुमती मावशीपासून झाली. आमच्या घरी सगळ्याचीच सुरुवात तिच्यापासून होते. ती गेली होती फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, श्रीरंगरावांच्या आईची लोणच्याची बरणी परत द्यायला. अंगणात दोरीवर काय दिसलं, तर एप्रन. पांढरं, एवढंसं, पोटापुरतं, निळ्या किनारीचं. मावशी तशीच टांगा करून आमच्याकडे. चप्पल पण काढली नाही.

"मुलगा आचारी आहे," म्हणाली. "फॅक्टरीतलं ड्रॉइंग ऑफिस वगैरे सब झूट. फसवलं तुम्हाला."

आईने एक मिनिट विचार केला अन् म्हणाली, "असू दे बाई. लढाईचे दिवस आहेत. आचाऱ्याच्या घरी कोणी उपाशी तर राहत नाही."

मावशीला ते पटलं नाही. म्हणाली, "पण ते चामड्याचं होतं."

तेव्हा बाबांनी पेपर खाली केला. आमचे बाबा रेल्वेच्या ऑफिसमध्ये, घरात दिवसाकाठी दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक इथे खर्च केलं. "चामड्याचं एप्रन जादूघरवाले घालतात."

बस! आईच्या हातातून चाळणी पडली.

सदरमधलं ते जादूघर गं, बाजार संपल्यावर लागतं ते. दारावर सुताराचा गुण्या अन् कंपास कोरलाय, खिडक्या कायम बंद. साहेब लोक त्याला लॉज म्हणतात, फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाचं. पण आपल्याला साहेबांच्या नावाशी काय करायचंय? आत नव्या माणसाला बोकडावर बसवून फिरवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पनागरची भाजीवाली तर म्हणते की तिथे प्रत्येकाचा फोटो टांगलेला असतो, अन् ज्याने आतली गोष्ट बाहेर सांगितली त्याचा फोटो काळा पडतो, अन् तो माणूस असेल तिथे खलास. शहपुऱ्याला पळून गेला तरी.

"साखरपुडा मोडा," मावशी म्हणाली.

"मोडला असता गं," आई म्हणाली, "पण साखर वाटून झाली. एवढी साखर आता कुठून आणू दुसऱ्या साखरपुड्याला?"

म्हणून ठरलं की मुलाला चहाला बोलवायचं अन् सरळ विचारायचं. मला कोणी विचारलंच नाही. अन् मला तर, तुला सांगते, तो मुलगा पहिल्या दिवशीच आवडला होता. बघायला आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघून राहिले होते अन् तो आमच्या डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवून राहिला होता. असा माणूस परत मिळतो का?

तर आले श्रीरंगराव. सायकलवर, घामाघूम, ओव्हरटाइम करून. बसले. मावशीने पोहे पुढे केले अन् म्हणाली, "खा. अन् सांगा, बोकड कुठे ठेवता?"

बिचारा ठसकला. बेबीने पाणी दिलं. ती माझी धाकटी बहीण, फक्त तमाशा बघायलाच तिथे थांबली होती.

"बोकड नाही हो मावशी," म्हणाले. "आमचे मोठे साहेब मेंबर आहेत, त्यांनी मला घेतलं. तिथे आम्ही एकमेकांना भावासारखं मानतो. गरिबांना मदत करतो. बस."

"ते तर बाहेर पण करता येतं," आई म्हणाली. "त्यासाठी दार काहून लावता?"

मी दाराआडून ऐकून राहिली होती. मला पण पटलं, खरं सांगू तर.

"रीत आहे, काकू. दाराशी एक माणूस उभा असतो. खुणेचा शब्द सांगितल्याशिवाय आत सोडत नाही."

बेबी म्हणाली, "मतलब तिथे पण नणंदा असतात?"

"नणंद नाही. पेन्शनीतले मेजर आहेत. हातात तलवार असते."

"तेच ते," आई म्हणाली. तिला चार नणंदा आहेत. लग्नाच्या दिवशी नाव घे म्हणून तिला उंबऱ्यावर इतकं ताटकळवलं होतं की हातातला दिवा विझला.

मला वाटलं, चलो, जमलं. पण मावशी ऐकते का? "ते राहू द्या. आत काय होतं ते सांगा."

"सांगता येत नाही. शपथ घेतली आहे."

"कोणाची?"

"गीतेवर हात ठेवून."

"चामडं बांधून गीतेवर हात!" आईने डोळेच मिटले. "अन् सांगितलं तर काय होतं?"

श्रीरंगराव पोह्यांतला शेंगदाणा इकडून तिकडे करून राहिले. "ते फक्त म्हणायचं असतं, काकू. जुन्या काळचं आहे."

"काय म्हणायचं असतं?"

"गळा कापला जाईल, असं काहीतरी."

आई रडायलाच लागली. "माझी पोर विधवा होईल. कधीतरी झोपेत बडबडले तर?"

अन् तेव्हा मावशीला सुचलं. नंदा, हसू नको. ती म्हणाली, "म्हणून म्हणते, लग्नाच्या आधीच सांगून टाका. आपल्या शैलीच्या कानात सांगा. जे काय व्हायचं ते आधी होऊन जाईल, अन् पोरगी तर सुटेल! काही झालं नाही, तर मग लग्न लावू. आज सांगा, नाही तर साखरपुडा मोडला."

आईला ते एकदम बरोबर वाटलं! बाबांनी पेपर वर केला.

आम्हाला मागच्या ओसरीवर पाठवलं. पेरूच्या झाडाजवळ. आम्ही दोघंच, मतलब खिडकीत आई, मावशी अन् बेबी, एकावर एक तीन तोंडं. ऐकू जाणार नाही, पण दिसेल, असं त्यांनीच ठरवलं होतं.

श्रीरंगराव पांढरेफट्ट. हळूच म्हणाले, "शैलजा, मला हे लग्न मोडायचं नाही. तुझ्यासाठी सांगतो मी."

बाप रे. गीतेची शपथ मोडायला निघाला माणूस, माझ्यासाठी. अन् मला ऐकायचं पण होतं गं! सगळ्या सदरला जे ठाऊक नाही ते मला. ते वाकले, कानाशी आले, केसांच्या तेलाचा वास आला, म्हणाले, "पहिले तर डोळ्यांवर..."

अन् माझ्याच तोंडातून निघालं, "थांबा. नका सांगू."

"काहून?"

"मावशीने डोळे वटारले म्हणून आज शपथ मोडली, तर उद्या मी तुमच्या आईबद्दल काही बोलली, ते पण सांगून द्याल."

त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे! कोणी असं कधी पाहिलंच नाही मला. मग म्हणाले, "पण त्या सगळ्या खिडकीतून बघून राहिल्या आहेत."

"मग काहीतरी बोला. पाढा म्हणा."

"कोणता?"

"कठीण असेल तो. चेहरा तसा झाला पाहिजे."

तर त्यांनी माझ्या कानात एकोणतीसचा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी छातीवर हात ठेवला. त्रिक सत्त्याऐंशी, मी डोळे मोठे केले. खिडकीत मावशीने आईचा दंड धरला. अन् एकोणतीस सत्तेला गाडी अडली! ड्रॉइंग ऑफिसचा माणूस, अन् सत्तेला अडला. तोंड उघडं, गळ्याची घाटी वर-खाली, अन् काही केल्या शब्द निघेना.

"गेला! गळा धरला!" मावशी आतून ओरडली.

मी घाईघाईने त्यांच्या कानात म्हटलं, "दोनशे तीन."

"दोनशे तीन!" असा सुटकेचा श्वास सोडला त्यांनी, की पेरूवरचे पोपट उडाले.

पण बघ, मावशीला काय दिसलं? की मी पण काहीतरी म्हटलं, अन् त्यांनी मान डोलावली. "तिला पण आत घेतलं!" म्हणाली अन् तिथेच पाटावर बसून गेली.

आम्ही आत आलो. आईने आधी त्यांचा गळा बघितला, उजेडाकडे वळवून, नीट. साबूत. मग माझ्याकडे वळली. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "आता मला पण सांगता येत नाही."

नंदा, काय सांगू! मला वाटलं मार पडेल. आई तर खूश! गुपित आपल्या घरात आलं अन् जावयाला काही झालं नाही, मतलब मुलगी सुरक्षित, असा तिचा हिशोब. वैशाखातली तिथी पण ठरली. मावशीने स्वतः उठून मला चहा करून दिला, साखर घालून, अन् म्हणाली, "बोकडाचं तेवढं सांग, बाकी राहू दे." बाबा ऑफिसला जाताना आज सकाळी दारात थांबले, इकडे-तिकडे पाहिलं, अन् मला विचारलं, "बोकड असतो का गं?" मी नुसती हसली. खूप मोठी झाल्यासारखं वाटलं.

पण रात्रभर मला झोप नाही. तो सांगून राहिला होता गं. कानाशी आला होता. "पहिले तर डोळ्यांवर", पुढे काय? पट्टी? पाणी? बोकडाच्या डोळ्यांवर? आता जन्मभर त्याच्याच शेजारी झोपायचं, अन् विचारता पण येत नाही, मीच नको म्हटलं. मला नवरा हवा होता तो मिळाला, पण हे काय झालं माझं? खरं सांग हं, मैत्रीण म्हणून. तू असती माझ्या जागी, त्या पेरूखाली, तर तू ऐकलं असतं का?