क्रेटवरची आई

मुलाच्या आइस हॉकी संघाचा कोच रेग गुरुवारी जे बोलला, ते ओरिसाच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. "रविवारी स्काउट येतोय, मोठ्या संघासाठी पोरं हेरणारा. हे लोक पोराला एकदा बघतात आणि आईबापाला दोनदा. पोरगं अजून किती वाढणार ते तिथंच कळतं त्यांना. कर्टिसला पुढच्या रांगेत बसव."

तिचा नवरा कर्टिस सहा फूट एक. पण रविवारी नेमकी त्याची पोटॅशच्या खाणीत पाळी. आणि ओरिसा पाच फूट, तीही मान ताठ ठेवली तर. डॅनिलो चौदाचा झाला तरी संघात सगळ्यांत बुटका. डाव्या बाजूनं चढाई करणारा विंगर, बर्फावर वाऱ्यासारखा, पण बुटका. स्काउटनं वहीत नावापुढं 'लहान' एवढंच लिहिलं की पोराचं स्वप्न संपलं. आणि 'घ्या' असं लिहिलं, तर सप्टेंबरात पोरगा तीनशे मैलांवर परक्या कुटुंबात राहायला जाणार. दोन्हींतलं काय झालेलं बरं, हे तीन दिवस घोकूनही तिला ठरवता आलं नव्हतं. आपल्यामुळे त्याचं अडू नये, एवढंच तिनं ठरवलं.

म्हणून तिनं रविवारी रिंकच्या कँटीनमध्ये लोर्नाच्या जोडीला पाळी मागून घेतली आणि उंच दिसावं म्हणून काउंटरमागे दुधाचा क्रेट पालथा घालून त्यावर उभी राहिली.

"अगं, काउंटर मांडीला लागतोय तुझ्या," लोर्ना म्हणाली. "वर वीज चमकली तर पहिली तुझ्यावरच पडेल."

"गप बस. कांदा परतत राहा तू."

सामन्याच्या दुसऱ्या सत्रात करड्या टोपीचा एक माणूस आला. रिंकमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. हा कुणाच्याच ओळखीचा नव्हता. म्हणजे तोच.

"एक कॉफी, आणि पिरोगी द्या. कांदा जरा जास्त."

बटाटा भरलेल्या पिरोगी तव्यावर होत्याच; कॉफीचं भांडं मात्र खालच्या फळीवर. विहिरीतून पाणी शेंदावं तशी ओरिसा वाकली, कप भरून सावकाश वर आली.

"यातला तुमचा कोणता?"

"सतरा नंबर."

"हं. आणि त्याचे वडील?"

"ते माझ्यापेक्षा उंच आहेत," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

तो काउंटरला टेकून तिथंच खात उभा राहिला, म्हणून तिसरं सत्र सुरू झालं तरी तिला क्रेटवरून उतरता येईना. काचेतून सतरा नंबर दिसत होता. डॅनिलो कडेच्या फळ्यांशी काठीपुढं पक, ती रबरी चकती, घेऊन उभा, पाठमोरा. मागून पाहुण्या संघाचा एक दांडगा पोर सुसाट येत होता. मग जो धक्का बसला, त्यानं कँटीनची काचसुद्धा थरथरली. सतरा नंबर दिसेनासा झाला.

क्रेट एकीकडे, ओरिसा दुसरीकडे. हातात उलथनं तसंच घेऊन ती पळाली. काचेपाशी पोचली, तर फळ्यांच्या वरून तिला धड दिसेना. टाचा उचलल्या, उड्या मारल्या.

"उठला तो," मागून आवाज आला. टोपीवाला तिच्या डोक्यावरून बघत होता. "हेल्मेट सरळ केलं. आता पळतोय. ठीक आहे तो."

ती उड्या मारायची थांबली. मग ध्यानात आलं, की आपण जमिनीवर उभ्या आहोत.

"तो क्रेट..." ती म्हणाली.

"पहिल्या कपालाच कळलं होतं. मागच्या महिन्यात एक बाप उंच टाचांचे बूट घालून आला होता. पण त्याच्या पिरोगी जळत नव्हत्या."

खरंच, मागून करपल्याचा वास येत होता. लोर्नाची तव्याशी झटापट चालली होती.

"धडक येतेय हे त्यानं पाहिलं होतं," तो म्हणाला. "मान वळवून पाहिलं. तरी जोडीदार मोकळा होईपर्यंत पक सोडला नाही. मग दिला, आणि मग मार खाल्ला. हे कुणाला शिकवता येत नाही. उंची काय, यायची तेव्हा येईल."

"मग पुढं जाईल तो? व्यावसायिक होईल?"

"बाई, चौदाव्या वर्षी याचं उत्तर जो देईल, त्याच्याकडून जुनी गाडीसुद्धा घेऊ नका. फटका हलका आहे त्याचा, उजवीकडं वळताना अडखळतो. पण नाव लिहून घेतलंय. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येईन. तोवर घरीच राहू दे. आत्ताच थोराड पोरांत टाकला, तर सगळ्यात आधी घाबरायला शिकेल. खाऊ दे, झोपू दे."

घरीच राहू दे. ओरिसानं उलथनं छातीशी धरलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत घेतला.

पाळी संपवून कर्टिस खाणीतून वर आला, तसा त्याचा फोन आला. "काय म्हणाला गं?"

"नाव लिहिलंय. पण यंदा घरीच ठेवा म्हणाला."

पलीकडून फक्त खाणीवरचा खडखडाट ऐकू आला. त्याला वाईट वाटलं असणार. "कर्टिस?"

"आहे, आहे." त्यानं नाक ओढलं. "तीन दिवस खाली खाणीत सगळ्यांना सांगत होतो, पोरगा चालला म्हणून. बोलून बोलून सवय होईल असं वाटलं. होत नव्हती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याच्यासाठी क्रेटवर चढलीस. तुला कोणत्या तोंडानं सांगू? लोर्नानं फोटो पाठवलाय."

ती हसत असतानाच डॅनिलो आला. केस ओले, हनुवटीवर ओरखडा, खांद्यावर त्याच्याएवढीच बॅग. स्काउटचं त्यानं विचारलं नाही. आधी तव्याकडं पाहिलं.

"आई, खायला काही उरलंय?"

"करपलेल्या आहेत."

"चालतील."

ओरिसानं ताट भरलं आणि पायानं क्रेट त्याच्याकडं सरकवला. "बस इथं. खाता खाता सांगते सगळं."