तिसावं पोट

मेलेल्या डॉल्फिनचं पोट फाडलं की आधी वास येतो, आणि विज्ञान त्याच्या बरंच मागून येतं. त्या वासाची सवय होते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सवय होते ती लोक आपल्यापासून चार हात लांब बसतात त्याची. ताईला ती झाली होती. भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून आपणही ताईच म्हणू.

ती माकुलींचा, म्हणजे स्क्विडचा, आणि त्यांच्या जोडीला ऑक्टोपसचा अभ्यास करत होती. जाळं टाकलं तर त्यात मंद आणि बावळट तेवढ्या माकुली सापडतात. चपळ असतात त्या माणसाच्या हाती लागत नाहीत. डॉल्फिनच्या मात्र लागतात. तो त्यांना गिळतो, मांस पचतं, पण चोच पचत नाही. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, नखाएवढी, काळपट चोच पोटात साचून राहते. ती चाळणीवर धुवायची, चिमट्याने उचलायची, भिंगाखाली धरायची. वळणावरून जात कळते, मापावरून जनावर केवढं होतं तेही कळतं. समुद्रात कोण कोण राहतं हे समुद्राच्या मढ्यांना विचारायचं, असा हा धंदा.

अडचण एवढीच होती की मढी मिळत नव्हती. प्रबंधाला तीस पोटं हवीतच, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डॉल्फिन मारायला कायद्याने बंदी. मारला तर सरळ तुरुंग. त्यामुळे जो आपणहून मरून किनाऱ्याला लागेल त्याची वाट बघायची. इतक्या वर्षांत अकरा लागले होते आणि हंगाम संपला की मुदत संपत होती. मग पदवी नाही, आणि विभागातली तिची जागाही नाही.

एका संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "आता कुठे अडलंय गं तुझं घोडं?"

"मेले वेळेवर मरतच नाहीत," ताई म्हणाली.

आई हसली, ताईही हसली. प्रयोगशाळेत असले विनोद उठता-बसता चालतात आणि त्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. भाऊ मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "पोटच लागतं ना फक्त? बाकीचं धूड नको?"

"पोटच. का रे?"

"काही नाही, सहज," म्हणून तो ताट घेऊन उठला.

भावाला सगळे बारक्या म्हणत. दारातून येताना त्याला वाकावं लागे, तरी नाव बारक्याच. वडील गेले तेव्हा शाळा सोडून त्याने बोट हातात घेतली. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं, आणि ते कोणी हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. धक्क्यावर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची ताई डॉक्टर होणारे. औषधवाली नाही हां, समुद्रवाली."

थोड्याच दिवसांत त्याने पहिलं पोट आणलं. "जाळ्यात गुदमरला बिचारा," म्हणाला. ताईने त्याला शिकवलं, पोटाची दोन्ही तोंडं दोरीने घट्ट बांधायची, मग कापायचं, लगेच बर्फात घालायचं. पठ्ठ्याने ते एकदाच ऐकलं आणि पुढच्या वेळी गाठी अशा मारून आणल्या की सरांनी त्या बाकीच्या मुलांना दाखवल्या. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तिचा आनंद गगनात मावेना, आणि तसा तो मावत नसला की माणूस प्रश्न विचारत नाही. एवढे गुदमरतात कसे, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. तो पडला नाही, याचा राग तिला पुढे जन्मभर स्वतःचाच येणार आहे.

भावाने आणलेल्या पोटांत एक अनोळखी चोच निघू लागली. खालच्या टोकाला रुंद, कडेच्या पंखासारख्या भागाला गडद पट्टा. प्रयोगशाळेतल्या एकाही बाटलीतल्या चोचीशी ती जुळेना. सरांनी परदेशातल्या एका जाणकाराला फोटो पाठवले. उत्तर आलं की ही माकूल दूरच्या थंड समुद्रातली आहे, तुमच्याकडे हिची कधीच नोंद झालेली नाही. सरांनी ताईला अक्षरशः डोक्यावर घेतलं.

"समुद्र बदलतोय, आणि हे सगळ्यात आधी तुला दिसलं," ते म्हणाले. "तिसावं पोट आण, की प्रबंध पाठवूनच देऊ."

एकोणतीस झाली होती. अख्खी माकूल बघायला मिळाली तर सोन्याहून पिवळं, म्हणून ताई बाटलीत ती चोच घेऊन धक्क्यावर गेली. बोट नुकतीच लागली होती. भाऊ खाली इंजिनापाशी होता. वर डेकवर, लांब दोरीच्या गळांना लावायच्या आमिषाचं खोकं उघडं पडलं होतं. गोठवलेल्या माकुली, एकीला एक चिकटलेल्या. खोक्यावर एका दूरच्या देशाचं नाव छापलेलं होतं.

तिने एक उचलली आणि माकुलीच्या हातांच्या मधोमध अंगठा घालून चोच बाहेर काढली. रुंद टोक, गडद पट्टा. बाटलीतली तिने शेजारी धरली. त्या दोन बहिणी होत्या.

"अगं ताई!" भाऊ हात पुसत वर आला. "चहा सांगू?"

"डॉल्फिन गळावरचं आमिष चोरून खातात का रे?" तिने विचारलं. तसं असावं, एवढंच तिला हवं होतं.

"छे! दोरीच्या जवळसुद्धा फिरकत नाहीत. हुशार असतात." मग त्याला आपली हुशारी सांगायचा मोह आवरला नाही. "हेच मूठ-मूठ फेकत राहावं लागतं. आधी लांबून बघतात. चार-पाच दिवसांनी ओळख पटते, मग येतात हाताशी."

"आणि मग?"

भावाने तिच्याकडे बघितलं. डेकच्या कडेला, कठड्याला टेकवून, लोखंडी टोकाचा लांब बांबू ठेवला होता. तिची नजर तिकडे गेली तसा तो जरा ओशाळला.

"तूच म्हणालीस ना, वेळेवर मरत नाहीत म्हणून."

ओरडावं, त्याच्या थोबाडीत मारावी, असं सगळं मनात आलं आणि त्यातलं काहीच झालं नाही, कारण तोवर त्याने बर्फाच्या पेटीतून एक पिशवी काढून तिच्या हातात दिली होती. पिशवी हलकी होती.

"तिसावं. जरा लहान आहे," तो म्हणाला. "आईच्या मागून मागून आलं. आई पळाली, हे तिथंच घुटमळत राहिलं. चालेल ना? आता झालीस ना डॉक्टर?"

त्याच्या तोंडावर इतकं निर्मळ हसू होतं की ते तिला बघवेना. "धड कुठं टाकता?" तिने विचारलं. "दगड बांधून सोडतो की. तुला कशाला त्रास?" तो म्हणाला.

ती चालत प्रयोगशाळेत आली. वाटेत पिशवी गटारात फेकून द्यावी असं दहादा वाटलं. फेकली तर प्रबंध अडेल, आणि न अडावा म्हणून बारक्या पुन्हा बोट बाहेर काढेल. खरं सांगितलं तर प्रबंध जाईल, आणि बारक्याही जाईल, तुरुंगात. गप्प बसली तर काहीच होणार नव्हतं. सगळं छान होणार होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

सर वाट बघत होते. तिने हातमोजे चढवले, ट्रे घेतला, पिशवी उघडली. पोट तिच्या तळहातात मावत होतं. दोन्ही टोकांना भावाच्या सुबक गाठी. त्या तिने एकेक करून सोडवल्या. कात्री लावली आणि चाळणीवर पाणी सोडलं.

पांढरं, फुटल्यासारखं काहीतरी ओघळलं आणि पाण्याबरोबर जाळीतून खाली गेलं. चाळणीवर काही उरलं नाही. आतापर्यंत जे जे पोट तिने धुतलं त्यात मरणाऱ्याने कोणाला तरी मारल्याची खूण होती. या पोटाने अजून कोणालाच खाल्लं नव्हतं.

"रिकामं?" सर लांबूनच म्हणाले. "हरकत नाही. रिकामं असलं तरी पोट ते पोट. तीस झाली, सुटलीस."

ताईने नळ बंद केला.

"रिकामं नाही, सर. दूध आहे."

सर उठून जवळ आले. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग त्या एवढ्याशा पोटाकडे, मग दोरीच्या गाठींकडे. इतकं लहान पिल्लू जाळ्यात एकटं सापडत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ताईने शेजारी, कागदावर, दोन चोची ठेवल्या. "एक पोटातली, एक आमिषाच्या खोक्यातली," ती म्हणाली. अगदी एकसारख्या. सर खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

"कोणी मारलं हे?" त्यांनी विचारलं.

ताईच्या डोळ्यांसमोर दारातून वाकून येणारा तो उंच देह आला.

"मी," ती म्हणाली. "मीच मागितलं होतं."