दोन घरांची एक भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. सिंगापूरला सेरंगून रोडजवळच्या एका गल्लीत एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या घरांची ओळ आहे. त्यातल्या दोन घरांची मी सामाईक भिंत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गवंड्यांनी विटा आणि चुना वापरून मला उभारले. दोन्ही घरांच्या तुळया माझ्याच खांद्यावर आहेत.

पुढे सरकारने आमची ओळ वारसा म्हणून जपायला घेतली. दर्शनी भागाला नवा रंग मिळाला, चुन्यातली फुले उजळली. पाहुणे फोटो काढू लागले. मी आत असते, मला कोण बघणार?

२०१४ साली संजीवनी आणि मुकुल भाड्याने राहायला आले. मुकुल जहाजावर इंजिनीअर, महिनोन्‌महिने बाहेर. पलीकडे मिसेस लिम एकट्याच राहत. त्यांचा रेडिओ दिवसभर मोठ्याने चाले, आणि संजीवनीने मिक्सर लावला की त्या चपलेने मला ठोकत. शेवटी वैतागून संजीवनीने घरमालकाची परवानगी काढली आणि आवाज अडवणारे जाड बोर्ड माझ्यावर लावून घ्यायचे ठरवले.

कामगार येणार त्याच्या आदल्या दुपारी ठकठक सुरू झाली.

"आज तर मी मिक्सरही लावला नाही!" संजीवनी चिडून म्हणाली.

ठकठक थांबेना, पण मंद होत गेली. तिने माझ्यावर कान टेकवला. पलीकडून सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत क्षीण आवाज आला, "हेल्प, लाह..."

ती अनवाणी धावली. बाहेर सगळ्या घरांपुढून जाणारी एकच पडवी आहे. तिथून ती शेजारच्या दाराशी पोहोचली. मोठे दार दिवसा उघडेच असे; त्यापुढच्या अर्ध्या उंचीच्या दारावरून हात घालून तिने कडी काढली. मिसेस लिम माझ्यालगतच्या जिन्याखाली पडल्या होत्या, हातात तीच चप्पल.

"आंटी, मी आहे ना, आय ॲम हिअर," ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचा हात धरून म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी कामगार बोर्ड घेऊन आला.

"सॉरी अंकल, कॅन्सल," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ माझ्यावर तळहात ठेवून उभी राहिली. इतक्या वर्षांत मला असे कुणी कुरवाळले नव्हते.

मिसेस लिम काठी टेकत घरी परतल्या. पुढे मुकुलला दुसरीकडे नोकरी मिळाली, आणि संजीवनी डोळे पुसत निघून गेली. आता इकडे नवे भाडेकरू आले आहेत.

मित्रांनो, कधी आमच्या गल्लीत आलात तर फोटो जरूर काढा. पण त्या नव्या माणसांना माझा एवढा निरोप द्या : पलीकडे आंटी एकट्या असतात. ठकठक ऐकू आली, तर रागावू नका. आधी कान लावा.