पाकिटाच्या डिंकाची चव

हसू दाबण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून नालायक आहे. चर्चमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, एकदा तर चक्क सासऱ्यांच्या मयताला मला हसू फुटलंय. तेव्हा त्या रविवारी तुदुआलच्या शेडमध्ये माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये.

आमच्या खाडीत कालवं वाढवणारी घरं अकरा. नाताळच्या हंगामाआधी सगळी तुदुआलकडे जमतात. तो आमच्या मंडळाचा अध्यक्ष. प्रत्येकाने आपली डझनभर कालवं आणायची, त्याची बायको शिंपल्यांखाली नंबर घालते, आणि मग भांडी पुसायचं फडकं डोळ्यांवर बांधून ज्याने त्याने आपलं कालव चवीवरून ओळखायचं. दुसऱ्याचं कालव आपलं म्हटलं की शिक्षा ठरलेली. एप्रन बांधून दिवसभर सगळ्यांना कालवं उघडून द्यायची. आझेलीनबाई एकतीस वर्षांत एकदाही चुकलेल्या नाहीत. हे त्या स्वतःच सांगतात, आणि न विचारता सांगतात.

मी क्लेर्वी. अकरा वर्षं याच गावात सायकलवरून टपाल वाटलं. मग तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि खाडीत आझेलीनबाईंच्या शेजारच्या, जाळीच्या पिशव्यांत कालवं वाढवायच्या तीन रांगा घेतल्या. मंडळाची अट होती की पहिलं पीक निघालं की मतदान. हात वर झाले तर रांगा कायमच्या माझ्या, नाहीतर त्या जाणार बाईंच्या भाच्याला, रिवालला. कालव मोठं व्हायला तीन वर्षं लागतात, म्हणजे माझं पहिलं डझन आणि माझं मतदान एकाच दिवशी.

ही तीन वर्षं आझेलीनबाईंनी बेकरीत, चर्चच्या पायरीवर, भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवलं होतं. "टपालवालीची कालवं? पाकिटाच्या डिंकाची चव येणार त्यांना!" लोक हसायचे. खरं सांगते, मीसुद्धा हसायची आणि घरी जाऊन रडायची.

तर त्या रविवारी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि रिकाम्या पोटी मुस्कादे वाइनचे दोन ग्लास गेले होते. वयाने मोठ्या म्हणून पहिला मान आझेलीनबाईंचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गेल्या नाताळानंतर खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून तिच्या पिशव्या रिवालच सांभाळतो, पण फडकं बांधून अशी बसली की आता न्यायनिवाडाच करणार.

पहिलं कालव तोंडात गेलं. "तुदुआल, हे तुझं. नदीकडचं गोडं पाणी फार प्यायलंय."

"बरोबर, मादाम," तुदुआल म्हणाला. बिचारा ओशाळला.

दुसरं. बाईंनी तोंड वाकडं केलं. "शी! हे कुणाचं पाणचट? नुसतं शिंपलं चाटल्यासारखं. डिंक, डिंक! सांगितलं नव्हतं मी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिवालने तर आपला ग्लास माझ्या दिशेने उंचावला.

तिसरं. बाई चावत राहिल्या. आधी खारट लागतं, मग जरा वेळाने जिभेच्या मागे भाजलेल्या हेझलनटसारखं काहीतरी येतं, त्याची त्या वाट बघत होत्या. ते आलं असावं. कारण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, दहा वर्षांनी तरुण झाला.

"हे," त्या हळूच म्हणाल्या. "हे माझं."

तुदुआलने शिंपला उलटा केला. सात नंबर.

सात नंबर माझा होता.

तेव्हा माझ्या तोंडून तो आवाज निघाला. हसू म्हणा, उचकी म्हणा, बंदरावरच्या सीगलसारखं काहीतरी. मी तोंडात रुमाल कोंबला, तरी खांदे हलतच होते. तेवढ्यात तुदुआलच्या बायकोने, कुणी सांगितलं नसताना, मघाच्या त्या पाणचट कालवाचा शिंपला उलटा केला. त्याच्याखाली नंबर एक. तो आझेलीनबाईंचा. मग मात्र अख्खी शेड फुटली.

बाईंनी फडकं ओढून काढलं. "खोटं आहे!" सात नंबरचं आणखी एक खाल्लं. मग आणखी एक.

"मादाम, अख्खं डझन संपवणार का?" तुदुआल म्हणाला.

"तू गप रे!" त्या माझ्याकडे वळल्या. "ए टपालवाले. पिशव्या किती दिवसांनी हलवतेस?"

"दर उधाणाच्या ओहोटीला," मी कसंबसं हसू आवरत म्हणाले. "जाळी दोन्ही टोकांनी आपटायची, मग उलटी करायची. शेवाळ हाताने काढायचं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. अकरा वर्षं बांधावरून सायकल नेताना तुम्हाला बघत होते. तुमचं टपाल रोज उशिरा यायचं ना, ते त्यामुळेच."

आता कोणी हसलं नाही. बाईंनी सावकाश मान वळवली. "रिवाल, आणि तू?"

"आत्या, थंडी किती असते... महिन्यातून एकदा तरी... जवळजवळ..." रिवाल टेबलाखाली शिरायचाच बाकी होता.

"माझी कालवं अशी लागायची," बाई सात नंबरच्या रिकाम्या शिंपल्याकडे बघत म्हणाल्या. "खुबा मोडायच्या आधी. मला वाटलं, परत आली." त्यांचे डोळे भरले, आणि मग माझेही भरले, आणि तरीही मला हसू येतच होतं.

मतदानाला पहिला हात आझेलीनबाईंचा वर गेला, आणि बाकीचे हात त्यांच्या धाकाने. रिवालचासुद्धा. मी टेबलाला धरून उभी राहिले, नाहीतर बहुतेक छपराला जाऊन टेकले असते.

बाईंनी स्वतःच एप्रन मागून घेतला, सुरी उचलली आणि पहिलं कालव उघडून माझ्यासमोर ठेवलं. माझंच, सात नंबरचं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डिंक कुठल्या दुकानातून आणतेस गं? रिवालला पाठवते उद्या."