पुनाच्या पायांतले बूट

मित्रांनो, मी धुळ्याच्या एका छापखान्यातला जुना दगड आहे. दगड म्हणून नाक मुरडू नका बरं! माझ्या गुळगुळीत पाठीवर चित्र काढायचं, शाई लावायची आणि वर कागद दाबून छापायचं, अशी माझी नोकरी. छपाई झाली की वाळू-पाण्याने घासून मला पुन्हा कोरं करत. हे घासायचं काम पुना नावाच्या पोऱ्याचं. हात मोठा मायेचा होता त्याचा. पुढे लढाई पेटली आणि पुना पलटणीत भरती झाला.

१९४४ साल असेल. जिकडेतिकडे शिपायांचे सत्कार चालले होते. पण रजेवर आलेला एक जवान सांगून गेला, की ब्रह्मदेशाच्या चिखलात बूट कुजतात आणि नवे वेळेवर मिळत नाहीत. आमचे चित्रकार हबीबभाई भडकलेच. त्यांनी माझ्यावर व्यंगचित्र काढलं. ढेरपोटे पुढारी शिपायाला नाकापर्यंत हार घालताहेत आणि शिपाई अनवाणी! त्याला चेहरा दिला तो पुनाचाच. दोस्ताची आठवण, दुसरं काय.

चित्र चौकात लागलं. लोक पोट धरधरून हसले, पण पुढाऱ्यांना नव्हे, त्या उघड्या पायांना.

दुसऱ्या दिवशी देवपुराहून पुनाची आई भिकुबाई आली. कित्येक महिने तिला लेकाची खबर नव्हती. माझ्यावरचा चेहरा पाहून तिचे डोळे भरून आले. ती हबीबभाईंना हळूच म्हणाली, "भाऊ, मना पुनाले अनवाणी ठेवू नको. त्याना पायमा बूट काढी दे."

मालक रुपचंदशेठ कुरकुरले. शिपायाला बूट चढवले तर चित्रातली गंमत राहिली कुठे? शिवाय लग्नपत्रिका खोळंबल्या होत्या, दगड लगेच घासून हवा होता. हबीबभाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. सगळी सकाळ घालवून त्यांनी जाड तळव्यांचे, घोट्याच्या वर येणारे बूट काढले, अगदी नाड्यांसकट. मग एकच कागद छापला.

भिकुबाईने तो मांडीवर घेतला. बुटांवरून बोट फिरवत ती चित्रातल्या लेकाला म्हणाली, "आते चाल घर."

लढाई संपली. पुना काही आला नाही.

हल्ली मी परसात पडून असतो, बायका माझ्यावर धुणं आपटतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, कुणाला लढायला धाडाल तेव्हा हार मागाहून आणा. आधी जरा खाली वाकून बघा, त्याच्या पायांत बूट आहेत का.