गिल्बर्टचा पंप

दुसऱ्याचा बंगला, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याची गोरी बायको, यातलं काही दशरथच्या डोळ्यांत कधी खुपलं नाही. खुपला तो गिल्बर्टचा पंप.

दोघं वाकोल्याच्या एकाच गॅरेजात, एकाच उस्तादाच्या शिव्या खात बुलेट शिकले. पुढे दशरथने वाकोल्यातच स्वतःचं गॅरेज टाकलं आणि गिल्बर्टने मरोळच्या गावठाणात, घराच्या ओटीवर. पण बुलेट म्हटली की दशरथ, हे पार अंधेरीपर्यंत ठरलेलं होतं. लांबून आवाज ऐकून तो गाडीचं दुखणं सांगायचा. एका दुखण्यापुढे मात्र त्यानेही हात टेकले होते. गाडी जुनी झाली की ऑइलचा पंप झिजतो, ऑइल वर, इंजिनच्या माथ्यातल्या रॉकरपर्यंत चढत नाही आणि इंजिन कोरडं खडखडायला लागतं. दशरथ पंप घासूनपुसून बसवायचा. थोडे दिवस बरे जायचे, मग येरे माझ्या मागल्या.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात गिल्बर्टने एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक टर्नर गाठला आणि त्याच्याकडून जास्त ऑइल ओढणारा, जाडजूड पंप बनवून घेतला. झालं! एकेक बुलेट मरोळला जाऊन गप्प होऊन परत यायला लागली. टेलिफोन खात्यातला नंदकुमार तर दशरथचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तोही गेला, आणि वर निर्लज्जासारखा दशरथच्या दारात गाडी उभी करून म्हणाला, "ऐक ना यार, कशी वाजतेय! झकास काम केलं गिल्बर्टने."

"बाजारी माल आहे तो," दशरथ म्हणाला. "वाट लागेल इंजिनची. मग येशील रडत."

म्हणाला खरा, पण त्या इंजिनचा गोड आवाज रात्रभर त्याच्या पोटात दुखत राहिला.

घरी जेवतानाही पंपच. शेवटी त्याची बायको मालन वैतागली. "अहो, एवढं आहे तर जाऊन विचारा ना त्याला, कसा बसवतात ते. दोस्तच ना तुमचा?"

"मी विचारू? त्याला स्पॅनर धरायला मी शिकवलंय!"

हे साफ खोटं होतं. पण जळणाऱ्या माणसाला आपलंच खोटं लगेच खरं वाटायला लागतं.

अशात दसरा आला. दसऱ्याला प्रत्येक बुलेट झेंडूचा हार घालून आपापल्या मेकॅनिकच्या दारात जायची. हत्यारांची पूजा व्हायची, आणि मालक आपट्याचं पहिलं पान मेकॅनिकच्या हातावर ठेवायचा. ते पान ज्याच्या हातावर, तो त्या गाडीचा डॉक्टर. गिल्बर्ट ख्रिस्ती असला तरी गिऱ्हाइकांसाठी क्रुसाखाली पान्हे मांडून त्यांना हार घालायचा. यंदा सगळ्या गाड्या मरोळला जाणार, ही बातमी दशरथच्या कानावर आली आणि त्याचा जीव कासावीस झाला. दसऱ्याला आपलं दार रिकामं राहिलं, तर आपण वाकोल्यातला आणखी एक पंक्चरवाला, एवढंच उरणार होतं.

मग त्याने त्या टर्नरकडे जाऊन भलत्याच गॅरेजचं नाव सांगितलं आणि तोच पंप आणला. आपल्या स्वतःच्या बुलेटला बसवायचा आणि दसऱ्याला ऐटीत मरोळला जायचं. चालला तर म्हणायचं, त्यात काय मोठंसं, मीही बसवला. नाही चालला तर म्हणायचं, बघा! दोन्हीकडून जीत आपलीच.

ऑइल गळू नये म्हणून पंपाखाली कागदाचं गॅस्केट लागतं. ते ज्याचं त्याने कापायचं असतं. दशरथने ते जुन्या पंपाच्या मापाने कापलं. नव्या पंपाचं ऑइलचं छिद्र जरा बाजूला होतं, ते कागदाखाली अर्ध्याहून जास्त झाकलं गेलं. पंप बसवल्यावर रॉकरचा बोल्ट सैल करून ऑइल वर येतंय का बघायचं, हा तर उस्तादाचा पहिला धडा. दशरथने बघितलं नाही. ज्याचं वाटोळं व्हावं असं मनात आहे, त्याची तब्येत कोण विचारतो?

दसऱ्याला दशरथ नवा शर्ट घालून निघाला. मरोळला गिल्बर्टच्या दारापुढे बुलेटची ही रांग लागलेली. ती बघून त्याने चिडून ॲक्सिलरेटर पिळला, आणि अगदी दारातच खाडकन आवाज होऊन इंजिन जाम झालं. मागचं चाक घासत गेलं. धूर निघाला.

स्वतःच्या पोरासारखी जपलेली गाडी, पण दशरथला काय झालं असेल? आनंद झाला! "बघा!" तो ओरडला. "हाच तो पंप. गिल्बर्टचा! बघून घ्या सगळ्यांनी!" आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हाच.

गिल्बर्टने आधी इंजिन निवू दिलं, मग उकिडवा बसून त्याने पंप उतरवला. गॅस्केट बोटावर घेतलं, उजेडाकडे धरलं. दशरथही वाकला, आणि छिद्र जुन्याच मापाचं कापलेलं त्याला दिसलं. गिल्बर्टने एकदाच त्याच्याकडे बघितलं, कागद चुरगाळून खिशात टाकला आणि उभा राहिला.

"पंपच खराब निघाला रे," तो लोकांना म्हणाला. "माझी चूक. टर्नरचं काम मी नीट तपासलं नाय."

कुजबुज सुरू झाली. नंदकुमार पुढे आला. "मग गिल्बर्ट, माझाही काढ बाबा. दशरथ म्हणतच होता."

"काढतो ना," गिल्बर्ट शांतपणे म्हणाला.

महिनोन् महिने दशरथने हेच मागितलं होतं. ते झोळीत पडलं, आणि त्याला गिळवेना. आतापर्यंत हा हातांनी पुढे होता, आता मनानेही पुढे? आणि आपण जन्मभर याच्या उपकारात राहायचं? हे मात्र दशरथला अजिबात सहन होईना. देवाशपथ सांगतो, त्याला चांगुलपणा सुचला नव्हता. तो जळून बोलला.

"खोटं बोलतोय हा!" तो गरजला. "पंप सोन्यासारखा आहे. गॅस्केट मी कापलं, जुन्या मापाने. बोल्ट सैल करून बघितलंसुद्धा नाही. त्याच्या खिशात आहे, बघा काढून!"

मग नंदकुमारने त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "मानलं यार तुला! भर दसऱ्याला, चारचौघांत असं बोलायला छाती लागते." आणि त्याने आपट्याचं पान दशरथच्या हातावर ठेवलं. मागून दुसऱ्याने ठेवलं, तिसऱ्याने ठेवलं.

गिल्बर्ट खिशात हात घालून बाजूला उभा होता. तो हसत होता, पण दात जरा जास्तच आवळून. ते हसू दशरथने बरोब्बर ओळखलं. पावसाळाभर दाढी करताना आरशात तो तेच बघत आला होता.