मगरीच्या नावावर

सुगंधाबाईने काठीने ओल्या वाळूत नदीतला जांभूळटापू रेखून काढला, त्याच्या खालच्या टोकाला एक काळा दगड ठेवला आणि म्हणाली,

"ही मगर."

जलालुद्दीन उकिडवा बसून दगडाकडे पाहत राहिला. चांद्याचा हा कंत्राटदार तंबू, खुर्च्या आणि बिर्याणीच्या बाबतीत कुणाला हार जाणारा नव्हता. पण मगरीचं कंत्राट त्याने आजवर घेतलं नव्हतं.

"पर रोज इथीच रायते का ते? साहेब लोक आले अन् ते दुसरीकडं गेली, तं माह्या तोंडाले काळं."

"ऊन पडलं का येते वाळूवर. तुमच्या साहेबाइले विचारून नाई येत."

जहाजातून जग बघायला निघालेली काही विलायती मंडळी पुढच्या आठवड्यात मुंबईला उतरणार होती. जहाज बंदरात आहे तोवर त्यांतली हौशी माणसं आगगाडीने चांद्याला, तिथून मोटारीने वैनगंगेच्या काठच्या या गावाला आणि इथून नावेने टापूवर येणार होती. एकच दिवस. त्या एका दिवसात त्यांना चितळ, सांबर, पाणमांजरं, चक्रवाक आणि मगर, सारं हवं होतं, आणि तेही पंगतीत वाढपी येतात तसं एकामागून एक. मालगुजाराची जमीनदारी असती तर त्याच्या हुकमाने हाकारे घालून काम भागलं असतं. पण ती जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आता टापू खडान्खडा ठाऊक असलेलं माणूस म्हणजे ढिवरवाड्यातली, मासेमारांच्या वस्तीतली, सुगंधाबाई. दर उन्हाळ्यात टापूवरच्या वाळूत ती डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, करायची आणि डांगरं खायला येणाऱ्या कोल्ह्यांशी तिचं पिढीजात भांडण होतं.

"सकाळी वरच्या अंगानं उतरवा," ती काठी फिरवत म्हणाली. "चितळं तिथी पानी प्यायले येतेत. बोलू नोका, बिड्या ओढू नोका. मंग जांभळीखाली चहा. मंग खालतं जाऊन मगर."

"अन् मगरीपाशी नानाजीभाऊची गोष्ट," जलालुद्दीन खुशीत म्हणाला. "त्येच्यासाठीच तं साहेब लोक येऊन राह्यले, समजा."

नानाजी हा सुगंधाबाईचा दीर. कधीकाळी एका जंगल साहेबाकडे शिपाई होता, तेव्हाची चार इंग्रजी वाक्यं त्याने लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती. या पाहुण्यांना दिवस आवडला तर दरसाल असे पाहुणे येणार आणि नानाजीला कायमचं काम लागणार, असं ठरत होतं. त्याची मुलगी लग्नाची होती. म्हणून तर सुगंधाबाई या भानगडीत पडली.

"एकदा मराठीत सांगून तं दाखव," जलालुद्दीन म्हणाला.

नानाजीने घसा खाकरला. खाकी सदरा खाली ओढला.

"साहेब, माहा सख्खा मोठा भाऊ डोमा. जवान मानूस. सांजच्या पारी जाळं काहाडाले पान्यात उतरला. मी काठावर. मगरीनं मांडीले धरला, साहेब! तीनदा वर आला. तिसऱ्या डावाले बायकोचं नाव घेतलं, अन् मंग डोह शांत."

बायकोचं नाव. हे नवीन होतं. बारा वर्षांपूर्वी हाच नानाजी ओल्या धोतराने दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याने हे सांगितलं नव्हतं. सुगंधाबाईने काठी खाली ठेवली. पाहुण्यांसाठी घातलेला मीठमसाला आहे हे कळत असूनही तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

प्रेत मिळालं नव्हतं. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला नानाजीने अग्नी दिला. तेरवीला साऱ्या ढिवरवाड्याची पंगत उठली. पुढे तिच्यासाठी दोनदा पाटाचं विचारणं आलं, त्यातला एक तर चांगला खाऊन-पिऊन सुखी असलेला बिजवर होता. दोन्ही वेळा तिने परतवून लावलं. "माही वैनी म्हंजे देवी हाय," असं नानाजी तेव्हा चारचौघांत सांगत सुटला होता. आणि मगर? त्याच डोहात रोज दिसायची. सुरुवातीला सुगंधाबाईला तिचा जीव घ्यावासा वाटे. मग हळूहळू तिने मगरीला माफ केलं. जनावर आहे, भूक लागली, खाल्लं. ते माफ करणं काही सोपं नव्हतं. त्यात तिची तरुणपणाची सारी वर्षं गेली.

"बाई, तुमी बी तिथी उभ्या राहा," जलालुद्दीन जरा चाचरत म्हणाला. "बोलाचं काईच नाई. मेमसाहेब लोकायचं काळीज लय मऊ रायते."

"राहीन," ती म्हणाली. "त्याचं नाव तं विलायतेत जाईन."

मग तिघं घाटावर नावा पाहायला गेले. गावातले डोंगे लहान पडतील म्हणून जलालुद्दीनने नदीच्या संगमाच्या खालून, पार तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याकडच्या एका गावाहून मोठे डोंगे मागवले होते. ते कालच आले होते. दोन-दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकलेल्या, त्यांवर खुर्च्या मांडता येतील असे.

"मस्त हाय का नाई?" जलालुद्दीन फळीवर चढून नाचल्यासारखा हलला. "पाहा, हालत बी नाई."

सुगंधाबाई जोडणी पाहायला वाकली. दोन डोंगे शेजारी लावायचे, वर आडवे बांबू टाकायचे आणि दोराने आवळायचे, हे काठावरच्या कुणालाही येतं. पण दोराचा काच लाकडाला बसू नये म्हणून प्रत्येक गाठीखाली जुन्या लुगड्याच्या काठाची घडी घालणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. सारा ढिवरवाडा त्यावरून हसायचा. बायकोचं लुगडं फाडून डोंग्याला नेसवतो म्हणायचा.

इथे प्रत्येक गाठीखाली घडी होती. लाल काठ, त्यात पिवळी फुलं. असं लुगडं या बाजूला कुणी नेसत नव्हतं.

तिने एका घडीवरून बोट फिरवलं. कापड मऊ झालेलं होतं, बरीच वर्षं अंगावर वापरलेलं.

"हे बांधलं कोनं?"

"त्या गावचाच नावाडी हाय एक. लय पक्का गडी. डोमय्या म्हनतेत त्याले तिकडं." जलालुद्दीन खाली उतरला. "मी म्हनलं, तूच चाल ना घेऊन, जादा पैसे देतो. तं म्हने, संगमाच्या वर मी येत नाई. पोराले धाडलं त्यानं. पर गंमत पाहा, बोलते मातर अस्सल आपल्या इकडचं."

नानाजी एकाएकी घाईला आला.

"चला जलालभाई, उशीर होऊन राह्यला. चुलीची जागा पाहाची हाय ना?"

"तुमी जा भाई," सुगंधाबाई म्हणाली. "नानाजी रायते इथी."

जलालुद्दीन काठाने पुढे गेला. नानाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुगंधाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्या लाल काठाकडेच पाहत होती.

"पुतळ्याले आग तूच लावली ना रे?"

नानाजी डोंग्याच्या काठावर बसला.

"तुले मालूम होतं."

"वैनी, त्यानंच सांगतलं होतं," नानाजी म्हणाला. "तिकडल्या परजातीच्या बाईसंगं चालला होता. मले म्हने, मगरीनं नेलं म्हनून सांग. माहे पाय धरले त्यानं. पंचाइनं आपल्याले जातीबाहेर काहाडलं असतं. आपल्या बहिनीचं, शेवंतीचं, लगन ठरलं होतं. अन् तुमच्यासाठी बी... सोडलेल्या बाईले लोक काय काय बोलतेत. तुमाले कोनं काई बोललं का इतक्या वर्षात?"

"नाई," ती म्हणाली. "कोनं काई नाई बोललं."

आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. डोमा गेला तो गेला. बायको टाकून जाणारे पुरुष काही जगात पहिल्यांदा जन्मले नव्हते. पण हा रोज समोर होता. तिच्या हातचं जेवत होता. तिने कुंकू पुसलं तेव्हा शेजारी बसून रडला होता, आणि परतवून लावलेल्या दोन्ही सोयरिकींच्या वेळी तिच्या पुण्याईचे गोडवे गात होता. एका शब्दाने तिचा जन्म सुटला असता. तो शब्द त्याने गिळून ठेवला आणि आज पाहुण्यांपुढे मांडायला त्याचीच गोष्ट केली. वर तिच्या नावाची फोडणी दिली.

"बायकोचं नाव घेतलं म्हने," ती हळूच म्हणाली. नानाजीने मान खाली घातली.

जलालुद्दीन चुलीची जागा पाहून परत आला. खुशीत होता, हात चोळत होता.

"तं बाई, पक्कं ना? चहा झाला का तुमी मगरीच्या जाग्यावर येऊन उभ्या रायसान."

"मी नाई येत," सुगंधाबाई म्हणाली. "त्या डोमय्याले उभा करा."

"अवो, पर तो संगमाच्या वर येत नाई म्हनते!"

"येईन. त्याले सांगावा धाडा, म्हनावं तुही तेरवी जेवलेले सारे लोक घाटावर वाट पाहून राह्यले."

जलालुद्दीन हसण्याच्या बेतात होता. मग त्याची नजर नानाजीकडे गेली. नानाजी डोंग्याच्या काठावर बसला होता आणि तोंड धोतराच्या सोग्यात लपवत होता. जलालुद्दीनने एकदा त्या गाठींकडे पाहिलं, एकदा सुगंधाबाईच्या मोकळ्या कपाळाकडे. डोक्यावरची टोपी त्याने उगाचच काढली आणि पुन्हा घातली.

"मंग साहेब लोकायले काय सांगू, बाई?" त्याने विचारलं.

सुगंधाबाई उठली. पाण्यापलीकडे, टापूच्या खालच्या टोकाला, उन्हात मगर पडली होती.

"दाखवा ना मगर," ती म्हणाली. "अन् खरं सांगा. म्हनावं, ह्या बिचारीनं कोनालेच खाल्लं नाई."